बागेच्या शंभरीचं नाणं

प्रिय दादा,

पाकीट हातात आल्यावर तू आधी ते कानाशी धरून हलवलं असशील, आणि आत काहीतरी जड आहे म्हटल्यावर वहिनीला हाक मारली असशील, की बघ गं, या भिंगरीने आता काय उद्योग करून ठेवलाय. घाबरू नका. कुणाचं काही उचललेलं नाही. कापसात गुंडाळलेलं ते नाणं चांदीचं आहे, माझ्या हक्काचं होतं, आता तुझं आहे. कापूस आत्ताच सोडायचा असेल तर सोड, मी काही तिथे येऊन तुझा हात धरणार नाही, पण पत्र शेवटपर्यंत वाच. जिथे अक्षर लागणार नाही तिथे वहिनीला विचार, तिला माझं अक्षर लागतं. दोन वर्षांत हे पहिलंच पत्र. फोन केले, पण तेही वहिनीला, आणि तू हमखास बागेत असशील अशाच वेळी. ती वेळ मी मुद्दाम निवडत होते हे तुम्हा दोघांना कळत होतं, आणि तुम्हाला कळतंय हे मलाही कळत होतं.

तर बातमी अशी, की तुमच्या बागेला शंभर वर्षं झाली म्हणून जे नाणं काढलंय, पुढच्या महिन्यातल्या समारंभात पाहुण्यांना डबीत घालून देणार आहेत ते, ते मी जिथे काम करते तिथे घडलं. आणि त्या नाण्यापायी माझी इथली जागा जायची वेळ आली होती. आता तू म्हणशील, त्यात नवीन काय, हिची जागा दर सहा महिन्यांनी जातेच. खरंय. पण आजवर मी स्वतः जायचे. या वेळी मला जायचं नव्हतं, दादा. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठूनतरी जायचं नव्हतं.

इथे कशी आले ते थोडक्यात सांगते. (वहिनी हसतेय, मला ऐकू येतंय.) तुमच्याकडून निघाले ती आधी नदीवरच्या बोटीत तिकिटं फाडायला लागले. मग एका हॉटेलात चादरींच्या घड्या. मग जत्रेतल्या पाळण्यावर, म्हणजे पाळणा चालवणारा दुसरा होता, मी फक्त माणसांच्या मांडीवरचा दांडा नीट लागलाय का ते बघायचे. तो पाळणेवाला भारी माणूस होता, त्याला स्वतःला उंचीची भीती, बावीस वर्षं पाळणा चालवतोय आणि एकदाही बसलेला नाही. त्याचं पुढे काय झालं ते वेगळं पत्र लिहावं लागेल. हां, तर त्यानंतर मी कुरियरची पाकिटं वाटत होते. एक पाकीट या कारखान्यात द्यायचं होतं. कारखाना म्हणजे एक लांबच लांब खोली, तीन मोठ्या खिडक्या, आणि मागच्या खोलीत ठसे मारायचं प्रेस. पदकं, शाळांचे बिल्ले, संस्थांचे शिक्के असलं सगळं इथे बनतं. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून पोलादाच्या तुकड्यावर केसाएवढी रेघ ओढत होते. मी सही घ्यायला म्हणून उभी राहिले ती उभीच राहिले. पिशवीत अजून अकरा पाकिटं होती, ती दुसऱ्या दिवशी पोचली. कुरियरवाल्याने मला संध्याकाळीच नारळ दिला. सकाळी मी परत इथे आले आणि मालकीणबाईंना म्हटलं, झाडू मारायला माणूस हवंय का. त्या म्हणाल्या, "नको होतं, पण तू आता दारातच उभी आहेस."

ते म्हातारे म्हणजे मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. ते मला पहिल्या दिवसापासून "पाहुणे" म्हणायचे. रोज सकाळी आल्या आल्या, "काय पाहुणे, आज आहात वाटतं?" मालकीणबाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की ही टिकायची नाही, हिला काही शिकवायच्या भानगडीत पडू नका. त्यांनी शिकवलं नाही. पण बघू दिलं. कचरा काढता काढता मी बघायचे, डब्या पुसता पुसता बघायचे. सात महिने झाले. सात महिने मी कुठेच राहिले नव्हते.

नाणं कसं बनतं ते तुला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाण्यावर जे चित्र असतं ते आधी पोलादाच्या ठशावर उलटं खोदावं लागतं, म्हणजे मग चांदीवर ते सुलटं उमटतं. आरशासारखं. म्हणून मास्तर आधी चित्र पातळ, पलीकडचं दिसणाऱ्या कागदावर काढतात, मग तो कागद पालथा करून पोलादावर ठेवतात आणि त्यावरून रेघा उतरवतात. खोदून झालं की एकदा शिशाच्या चकतीवर छाप घेऊन बघतात, कारण शिसं मऊ असतं. छाप ठीक असेल तर ठशाला पाणी देतात, म्हणजे तापवून बुडवतात. पाणी दिलं की पोलाद असं कडक होतं की मग त्यावर काही बदलता येत नाही. जे असेल ते पाचशे नाण्यांवर तसंच उमटणार.

आणि चित्र कसलं होतं माहितीये? तुमच्या मोठ्या फाटकाची लोखंडी कमान. तीच, निळ्या घोसांच्या वेलीची, जिचं खरं नाव फक्त तुला आणि पाटीला येतं. बागेच्या कचेरीतून फोटो आला तेव्हा मी टेबल पुसत होते. फोटोत कमानीच्या डाव्या बाजूला तुझी शिडी उभी होती, वरून तिसरी पायरी तारेने बांधलेली. मी बराच वेळ तेच टेबल पुसत राहिले.

आता ते चाळीस खांब. मी कधी त्यावर बोलले नाही, तूही नाही बोललास. आई-बाबा गेल्यावर तू मला शाळेत सोडायचास आणि मी मागच्या दाराने बागेत यायचे. तू कधी कान पिळला नाहीस. हातात झारी द्यायचास आणि म्हणायचास, "शाळा बुडवायची तर बुडव, पण रोपं सुकवू नकोस." शाळा सुटली ती सुटलीच, नववीत. मग तू तुमच्या साहेबांपुढे उभा राहिलास आणि म्हणालास की माझ्या बहिणीला कामावर घ्या, तिची जबाबदारी माझी. आणि त्यांनी घेतलं. त्या आठवड्यात नव्या मांडवाच्या चाळीस खांबांना वेलींचे कोवळे शेंडे बांधायचे होते. तू मला पहिल्या खांबाशी उभं केलंस आणि सांगितलंस, हात लावायच्या आधी खांबाभोवती एक पूर्ण फेरी मार. वेल कुठे वळतेय ते बघ. ही वेल समोरून बघितली की डावीकडून उजवीकडे वर चढते, कायम तशीच, दहा वर्षांची असो नाहीतर दहा दिवसांची. तिला तू वळवायचं नाहीस. ती वळते तिकडे फक्त दोरी बांधायची. मी मान हलवली. मला वाटतं तेव्हा समोरच्या झाडावर एक खार दुसऱ्या खारीला पळवत होती आणि मी ते बघत होते. तू दुसऱ्या टोकाला गेलास आणि मी एका दिवसात चाळीसच्या चाळीस खांब बांधून टाकले. फेरीबिरी काही मारली नाही. सगळे उलटे गुंडाळले. काय खूश होते मी स्वतःवर!

आठवड्यात सगळे शेंडे सुटले आणि हवेत लोंबायला लागले. काही मोडले. साहेब मांडव बघायला येणार होते त्याच सकाळी मी पिशवी भरली आणि गेले. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. पुढे वहिनीने फोनवर सांगितलं की तू साहेबांना म्हणालास, "पोरीची चूक नाही, मीच उलटं सांगितलं होतं." तू! ज्याने आयुष्यात एक दोरी उलटी बांधली नाही. त्या वर्षी तू मुकादम होणार होतास. झाला नाहीस. आणि ते चाळीस खांब तू एकट्याने तीन दिवस बसून सोडवलेस आणि परत बांधलेस. हे ऐकल्यावर मी काय केलं असेल? पाळणेवाल्याकडून निघाले आणि कुरियरमध्ये गेले. दुसरं काही सुचेना.

तर परत कारखान्यात. मास्तरांनी कमानीचं चित्र कागदावर काढलं, सुंदर काढलं, आणि चहाला उठले. मी झाडू मारत होते. पंखा मोठा होता. कागद टेबलावरून उडाला आणि खाली कचऱ्याच्या ढिगात जाऊन पडला. मी झटकन उचलला, फुंकर मारली आणि टेबलावर ठेवून दिला. मास्तरांनी तो पालथाच करून ठेवलेला होता. मी ठेवला तो सुलटा. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा कागद, आणि कमान दोन्ही अंगांनी सारखीच. शिडी त्यांनी चित्रात घेतली नव्हती. अक्षरं ते नंतर वेगळी ठोकतात, ती बरोबरच आली. त्यांनी परत येऊन जसा होता तसा कागद पोलादावर लावला आणि अकरा दिवस खोदत बसले.

अकराव्या दिवशी शिशावर छाप घेतली. मालकीणबाईंनी बघितली, "झकास" म्हणाल्या. प्रेसवाल्याने बघितली. मास्तरांनी भिंगातून अक्षर न् अक्षर बघितलं आणि म्हणाले, दुपारी पाणी द्यायचं. मग सगळे डबे खायला गेले आणि ती चकती टेबलावर राहिली. मी ती हातात घेतली. का कोण जाणे, सरळ बघितली नाही. बोटांत धरून तिला सावकाश एक पूर्ण फेरी दिली, कडेने, चारी बाजूंनी. दोन्ही खांबांवर वेल उजवीकडून डावीकडे वर चढत होती. पानं झकास होती, घोस झकास होते, आणि वेल माझ्या त्या चाळीस खांबांसारखी उलटी होती. मग कागद आठवला. पंखा आठवला. कुणी केलंय ते कळायला वेळ लागला नाही.

खरं सांगते, पिशवी खुंटीवर होती ती मी घेतली. कोपऱ्यापर्यंत गेले. बस उभीच होती, दार उघडं, कंडक्टर म्हणाला, "येताय का ताई, का नुसतंच बघताय?" डोक्यात नेहमीचं चालू होतं. वेल ती वेल, कोण बघतंय, पाचशे पाहुण्यांपैकी एकालाही कळणार नाही. आणि मग वाटलं की एकाला कळेल. समारंभ झाल्यावर साहेब एखादं नाणं तुम्हा माळी लोकांना हातात घेऊन बघायला देतील, आणि तू ते फिरवून बघशील, आणि काही बोलणार नाहीस. तू काही बोलणार नाहीस हेच मला सहन होईना. कुणीतरी परत माझे खांब सोडवत बसणार आणि मी परत बसमध्ये. मी कंडक्टरला म्हटलं, "नुसतंच बघत होते." तो मला वेडी समजून निघून गेला.

मास्तर डब्याचं झाकण लावत होते. मी सगळं एका दमात सांगितलं, झाडू, पंखा, कागद, वेल. ते आधी हसले. "अहो पाहुणे, वेलीला कसली आलीये उजवी-डावी? लावली तशी चढते." मी म्हटलं, नाही चढत. सुटते. "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, मला सांगितलं होतं तेव्हा मी ऐकलं नाही, म्हणून मला माहितीये. मग त्यांनी फोटो काढला, भिंग लावलं, फोटो बघितला, शिसं बघितलं. परत फोटो. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मला बघवेना. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक अक्षर उलटं गेलेलं नाही. मग त्यांनी मालकीणबाईंना हाक मारली. मला वाटलं, संपलं. मास्तर म्हणाले, "ठसा परत करायचाय. हिने कागद सुलटा ठेवला, मी डोळे मिटून लावला, आणि पकडलंय पण हिनेच." मालकीणबाई माझ्यावर जे बरसल्या ते लिहीत नाही, वहिनी मोठ्याने वाचत असेल. शेवटी म्हणाल्या, हिला आजच काढून टाका. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "काढा. मग पुढचं उलटं कोण पकडणार, तुम्ही? तुम्ही तर झकास म्हणालात."

नऊ दिवस लागले. जुनं खोदकाम घासून सपाट केलं आणि पहिल्यापासून सुरुवात. सुट्टीच्या दिवशीही आलो. मी दिवा धरला, कलमांना धार लावली, पोलादाचा भुसा फुंकला, आणि कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने फुली केली, म्हणजे कुठली बाजू वर ते आंधळ्यालाही कळावं. आता इथे प्रत्येक कागदावर ती फुली होते, मास्तरांनी नियमच केलाय. सहाव्या दिवशी त्यांनी कलम माझ्या हातात दिलं आणि डाव्या खांबाच्या तळाशी एक पान मला खोदायला लावलं. एकच. सगळ्यात खालचं, जमिनीला टेकलेलं. भिंगाशिवाय दिसणार नाही, पण तुला दिसेल. जरा जाड झालंय. मास्तर म्हणाले, जून पान आहे म्हणून सांगू. त्या दिवसापासून ते मला पाहुणे म्हणत नाहीत. नुसतं "ए" म्हणतात. मला इतकं बरं वाटतं त्या "ए"चं, तुला काय सांगू.

इथली पद्धत अशी आहे की नव्या ठशाचं पहिलं नाणं गिऱ्हाइकाला जात नाही, ते खोदणाऱ्याचं. मास्तरांकडे पत्र्याच्या डब्यात अशी कितीतरी आहेत. या वेळी प्रेसमधून पहिलं नाणं पडलं, अजून गरम होतं, ते त्यांनी रुमालात घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, "मला नकोय. ज्यानं तुला वेल बघायला शिकवलं त्याला दे." म्हणून ते तुझ्याकडे आलंय. उजेडात तिरपं धर आणि बघ, वेल कशी चढतेय. डावीकडून उजवीकडे, दोन्ही खांबांवर.

आता खरं काम सांगते. पाकिटात कापसाच्या खाली घडी केलेला एक फॉर्म आहे. मास्तरांना मला तीन वर्षं शिकाऊ म्हणून हाताखाली घ्यायचंय, रीतसर. मालकीणबाई कुरकुरत का होईना हो म्हणाल्या. पण कारागिरांच्या संघटनेला शाळेचा दाखला लागतो, तो माझ्याकडे नाही. दाखला नसेल तर आधी ज्यांच्या हाताखाली काम शिकलात त्यांचं नाव, सही, आणि काय शिकवलं ते त्यांच्याच अक्षरात चार ओळी. बोट, हॉटेल, पाळणा, कुरियर, कुणाचंच नाव लिहावंसं वाटलं नाही. मी तुझं लिहिलंय. मागच्या फोनवर वहिनी सांगत होती की तू म्हणतोस, पोरीला वाढवलं पण शिकवता काही आलं नाही मला. म्हणून एवढं लांबलचक लिहीत बसले, दादा. तुला चार ओळी सुचणार नाहीत हे मला माहीत होतं, तेव्हा वरच्या पानांतून हव्या त्या उचल. सही निळ्या पेनने कर, काळं चालत नाही. आणि "काहीच नाही" असं लिहून मोकळा होऊ नकोस, फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय, खोटी माहिती दिली तर अर्ज बाद होतो.

तुझीच,
भिंगरी